थोरली धाकटीस सोडत नाही

मैद्याची खळ मंद आचेवर होती. एका हाताने मी ती ढवळत होते आणि दुसऱ्या हाताने शिवणीचा दोरा मेणावरून ओढत होते. कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद टाकून झालं होतं. त्याआधी कामाची खोली झाडली होती, कात्रणांचं पोतं दाराशी नेऊन ठेवलं होतं, आणि चहाचा कप शिकंज्यावर ठेवून विसरले होते. शिकंजा म्हणजे बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचा आमचा लोखंडी दाब. त्यावर कप दिसला की बाइंडर ओरडायचे. बाइंडर म्हणजे माझे यजमान. घरात-दारात मी त्यांना याच नावाने हाक मारत असे. ते जाऊन तीन वर्षं झाली, तरी कप दिसला की मी घाईने उचलते आणि मग आठवतं की ओरडणारं आता कुणी नाही. अशी ती मंगळवारची सकाळ, इतर सकाळींसारखीच. मग मी वाचनालयाकडून दुरुस्तीला आलेला जुन्या मासिकांचा खंड उभा धरला, त्याच्या पाठीवर गरम खळीचा हात फिरवला, दहा मिनिटं मुरू दिली आणि हाडाच्या पट्टीने जुना सरस खरवडायला लागले. पाठीला आतून चिकटवलेल्या रद्दी कागदाची एक पट्टी सुटून माझ्या तळहातावर आली. निळ्या-काळ्या शाईत लिहिलेल्या तीन ओळी. पहिल्याच ओळीत माझा नंबर होता.

वकीलबाई म्हणाल्या, "काकू, मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते."

मी म्हटलं, "माझी अशीच आहे."

"बरं, पण आता लगेच शुद्धीत असल्याचं लिहा. नाहीतर वाचणाऱ्याला शंका येईल."

तर लिहिते. मी, जिला सगळा रस्ता बाइंडिंगवाल्या काकू म्हणून ओळखतो (कागदोपत्री नावं-पत्ते वकीलबाईंनी वरच्या पानावर टाइप केले आहेत), वय वर्षे सहासष्ट पूर्ण, धंदा पुस्तकबांधणी, पूर्ण शुद्धीत, आपल्या राजीखुशीने, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या चष्म्यातून हे लिहून ठेवते. वयापुढे आजवर मी प्रत्येक कागदावर 'अंदाजे' असं लिहीत आले. आज लिहिलेलं नाही. का ते पुढे येईल. डॉक्टरांनी सकाळी दाखला दिला. ते म्हणाले, "नाडी जरा जोरात आहे." मी म्हटलं, "आठ दिवस अशीच आहे, तिला काही करू नका." त्यांनी दाखल्यावर 'तब्येत उत्तम' लिहिलं.

हे मृत्युपत्र आजच करण्याचं कारण असं. उद्या सकाळच्या बसने मी नदीपलीकडच्या गावी जाणार आहे. तिथे बसस्टँडसमोर घड्याळदुरुस्तीचं एक दुकान आहे आणि ते एक म्हातारी बाई चालवते. ती माझी सख्खी बहीण आहे की नाही, हे उद्या कळेल. ती म्हणाली 'मी नव्हे', तर काय लिहायचं ते मला सुचणार नाही. ती म्हणाली 'मीच', तर लोक म्हणतील नव्या बहिणीने म्हातारीला भरीला घालून लिहून घेतलं. म्हणून तिचं तोंड बघायच्या आधी, माझ्या एकटीच्या डोक्याने, आज.

कलम एक. घर. खालची कामाची खोली, वरच्या दोन खोल्या आणि मधला जिना हे सगळं चिरंजीव आणि सूनबाई या दोघांच्या नावे, सारखं. एकट्या चिरंजीवाच्या नावे करत नाही, कारण तसं केलं तर आठवड्याभरात शिकंजा भंगारात जाईल. तो गुणी आहे, आईला जपणारा आहे, पण त्याचं सगळं काम पडद्यावर चालतं आणि हाताने धरायच्या वस्तूंचा त्याला राग येतो. लहानपणी त्याने एकच वही शिवली. ती अजून घरात आहे. ती उघडत नाही. चारही बाजूंनी शिवली आहे.

कामाच्या खोलीच्या खिडकीखाली एक खाट आहे. ती तिथून हलवू नये. तिचं काय करायचं ते कलम सहामध्ये आहे.

कलम दोन. बँकेत जे काही आहे त्याचे दोन भाग करावेत, एक नातीच्या शिक्षणासाठी आणि एक सूनबाईच्या हातात, तिने काय केलं हे तिला कुणी विचारू नये. चिरंजीवा, तूसुद्धा.

कलम तीन. हत्यारं. दाभण, कात्री, दोन सुऱ्या, मेणाचा गोळा, मोठं सुईदान आणि हाडाची पट्टी ही सगळी सूनबाईला. मला वाटायचं, तिला यात रस नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्या मंगळवारी मी तळहातावर ती ओली पट्टी घेऊन उभी होते, आणि तेवढ्यात खळ करपली. करपल्याच्या वासाने सूनबाई खाली आली.

"आई, काय झालं? भाजलं का?"

"वाच," मी म्हटलं.

"तुम्हाला वाचता येतं की."

"येतं. पण मला जे दिसतंय तेच तुला दिसतंय का, ते बघायचंय."

तिने वाचलं. मोठ्याने, शाळेतल्या मुलीसारखं, बोट ठेवून. "क्रमांक दोनशे अकरा व दोनशे बारा. सख्ख्या बहिणी. आणून देणार, आजी. थोरली वय अंदाजे तीन, उजव्या करंगळीचे टोक नाही. धाकटी वय दोन महिने." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, दोनशे बारा म्हणजे..."

"म्हणजे मी."

तिने आधी गॅस बंद केला. मग पातेलं मोरीत नेऊन ठेवलं. मग मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. मी तिची समजूत घालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती खाली आली, पदर खोचून म्हणाली, "ती हाडाची पट्टी कशी धरायची, दाखवा." त्या दिवसापासून तिची शिवण माझ्यापेक्षा सरळ येते. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

आता माझा नंबर कसला, ते सांगते. मी संस्थेत वाढले. कुणी आणून सोडलं, कुठून आणलं, हे मला कधीच कुणी सांगितलं नाही. विचारलं की एकच उत्तर, "रजिस्टरात असेल." आमच्या फ्रॉकच्या कॉलरला आतून नंबर शिवलेला असे. माझा दोनशे बारा. जेवायच्या रांगेत दोनशे अकराची जागा कायम रिकामी असायची. मला वाटायचं तो नंबर कुणाला द्यायला संस्थेच्या मोठ्या बाई विसरल्या असतील. माझं बोट चांगलं चालतं म्हणून मला शाळेऐवजी शिवणखोलीत बसवलं. एकोणिसाव्या वर्षी तिथे एक बाइंडर नव्या वह्या बांधायला आला. त्याने माझी हेमशिवण उलटी करून पाहिली आणि मोठ्या बाईंना म्हणाला, "असे टाके मला हवेत." मोठ्या बाई म्हणाल्या, "टाक्यांबरोबर मुलगी येते." तो म्हणाला, "चालेल." असं आमचं लग्न ठरलं. लोक पत्रिका बघतात, आमच्याकडे शिवण बघितली.

कलम चार. माझी पुस्तकं, भिंतीतल्या फडताळात आहेत ती सगळी, वाचनालयाला. अट एकच. ती कुलपात ठेवू नयेत.

ही पुस्तकं कुणी मला दिलेली नाहीत आणि वाचायलाही कुणी शिकवलेलं नाही. बाइंडरांना वाचता येत होतं, पण त्यांनी जन्मभर फक्त पानांचे नंबर वाचले. त्यांना विचारलं, "पुस्तकात काय आहे?" तर सांगायचे, "दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं." मी अक्षरं शिकले ती छापखान्यातून येणाऱ्या सुट्या फर्म्यांवरून. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापलेली सोळा पानं, घडी न घातलेली. त्यावर पानं क्रमाने नसतात. पहिल्याशेजारी सोळावं, मग तेरावं, मग चौथं, आणि अर्धी डोक्यावर उभी. हे मला ठाऊक नव्हतं. पहिली गोष्ट मी तशीच वाचली, कागद फिरवून फिरवून, दोन महिने खपून. तिच्यात नवरा आधी मेला, मग त्याचं लग्न झालं, मग तो शाळेत गेला. मला वाटलं, वा, पुस्तकात सगळं असं उलट होत असतं! बाइंडरांना सांगितलं तर ते शिकंज्यावर डोकं टेकून हसले, इतके की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी तो कागद तीन घड्या घालून माझ्या हातात दिला. "आता वाचा, मॅनेजर." ते मला मॅनेजर म्हणत.

पण खरं सांगू? मला अजून ती पहिली गोष्टच आवडते, मेल्यावर शाळेत गेलेल्या माणसाची. आणि गेले तीन आठवडे माझं स्वतःचं तसंच चाललं आहे. म्हातारपण आधी, माहेर नंतर.

कलम पाच. पट्ट्या. पुस्तकाची पाठ मजबूत व्हावी म्हणून आम्ही आतून रद्दी कागदाच्या पट्ट्या चिकटवतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी वाचनालयाने मासिकांचे बारा खंड बांधायला दिले. त्याच महिन्यात संस्था नव्या इमारतीत गेली आणि त्यांनी जुनी रजिस्टरं रद्दीत काढली. रद्दीवाल्याने ती आम्हाला आणून टाकली. जाड, चांगला कागद होता. बाइंडर म्हणाले, "याच्या पट्ट्या पाडा." आणि मी पाडल्या.

मी पाडल्या हे मला कसं कळलं? पट्टीच्या कडेवरून. पहिलं वर्षभर बाइंडरांनी माझ्या हातात सुरी दिली नाही. मी कागद दुमडायची, घडीवर हाडाची पट्टी दाबायची आणि फाडायची. सुरीने कापलेली कड लख्ख असते, फाडलेली कड मऊ, केसाळ. माझ्या तळहातावरच्या पट्टीची कड केसाळ होती. म्हणजे संस्थेने माझा जो एकमेव कागद लिहून ठेवला होता, तो मीच फाडला, मीच त्याला खळ लावली आणि मीच तो पुस्तकाच्या पाठीत दाबून टाकला. वर अंगठ्याने घासून पक्का केला. एक वर्ष उशिरा केलं असतं तर वाचता आलं असतं.

आधी मी स्वतःला खूप बोलले. मग बाइंडरांना बोलले. तीन दिवस मनात एकच: त्यांना ठाऊक होतं का? त्यांना वाचता येत होतं, कागद त्यांच्या डोळ्यांसमोर होता. चौथ्या दिवशी मी त्यांना या संशयातून मोकळं केलं, आणि ते इथे लेखी देते. या माणसाच्या पोटात काहीही राहत नसे. माझ्यासाठी साडी आणली तर पिशवी दारात असतानाच रंग सांगून मोकळे व्हायचे. बहीण असल्याचं त्यांनी चव्वेचाळीस वर्षं लपवलं, हे शक्यच नाही. त्यांनी पाहिले असतील ते पानांचे नंबर.

मग डोकं ताळ्यावर आलं आणि कळलं की मी फाडला म्हणूनच तो कागद राहिला. बाकीच्या रजिस्टरांचा लगदा झाला. एवढं एकच बारा पुस्तकांच्या पाठीत, अंधारात, मोरचुदाच्या खळीत, कीडसुद्धा न लागता माझी वाट बघत बसलं होतं!

उरलेल्या ओळी हव्या होत्या. मी वाचनालयात गेले. ग्रंथपालांना कायम सर्दी असते आणि ते नियमाबाहेर शिंकतसुद्धा नाहीत.

"काकू, फाटकं होतं ते दिलं की दुरुस्तीला. हे बाकीचे खंड धडधाकट आहेत. ते कशाला?"

"उसवायला."

त्यांनी चष्मा काढला. "उसवायला?"

"परत शिवून देईन. आधीपेक्षा घट्ट."

"नियमात बसत नाही."

"तुमच्या नियमांच्या वहीची पाठ कुणी बांधली?"

त्यांनी वही उलटी करून पाहिली. "तुम्हीच."

"मग तिच्या पाठीतही काय आहे ते बघायचं का?"

ते घाबरून उठले आणि त्यांनी स्वतः खंड काढून दिले. एका वेळी एक, सही घेऊन.

ते उसवणं सोपं गेलं नाही. खंडांवरची शिवण बाइंडरांची होती. शेवटच्या फर्म्यावर ते स्वतःची एक गाठ मारायचे, दोनदा फिरवून आत लपवलेली, ती दुसऱ्या कुणाला येत नाही, मलाही नाही. सत्तेचाळीस वर्षांत एक दोरा ढिला पडला नव्हता. कात्री लावली आणि हात थांबला. मी मोठ्याने म्हटलं, "कापते हं." मग कापली. पाचही गाठी काडीपेटीत ठेवल्या आहेत. ती काडीपेटी माझ्याबरोबर जाऊ द्यावी, एवढी एकच वस्तू.

दुसऱ्या खंडात बाकीच्या मुलांच्या नोंदी निघाल्या. तिसऱ्यात किराण्याची यादी. चौथ्यात फक्त एक ओळ माझ्या कामाची, पण ती वाचून मी दिवसभर काम केलं नाही, दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच हात करत होते. ती ओळ अशी: 'थोरली धाकटीस सोडत नाही. रात्री दोघींस एकाच पाळण्यात ठेवावे लागते.'

सहासष्ट वर्षं मी समजत होते की मला कुणीतरी टाकून दिलं. मला कुणी सोडत नव्हतं!

पाचव्या खंडात उरलेलं निघालं. आम्हाला आणल्याची तारीखही होती, म्हणून आज वयापुढे 'अंदाजे' नाही. आठ महिन्यांनी दोनशे अकराला दत्तक दिलं. घेणारे घड्याळं दुरुस्त करणारं जोडपं, नदीपलीकडच्या गावचं, दुकान बसस्टँडसमोर. 'दोघी घेण्यास तयार नाहीत.' त्यांच्यावर माझा राग नाही. तान्ह्या पोरीचं दूध, पाणी, जागरण, सगळ्यांना जमतं असं नाही. राग आहे तो रजिस्टर लिहिणाऱ्या बाईवर. इतकं सुंदर अक्षर असून तिने हे मला एकदाही तोंडाने सांगितलं नाही.

पट्ट्यांवर जी इतर मुलं आहेत, दोनशे आठ, दोनशे चौदा आणि बाकीची, त्यांच्या नोंदी मी मोठ्या अक्षरात उतरवून वाचनालयाच्या फलकावर लावल्या आहेत. तो कागद कुणी काढू नये. परवा एक म्हातारा त्यासमोर बराच वेळ उभा होता. काल चष्मा घेऊन परत आला.

उसवलेल्या पाचांपैकी तीन खंड शिवून झाले, दोन शिकंज्यात आहेत. माझं काही बरंवाईट झालं तर ते सूनबाईने पूर्ण करावेत. पाठीला रद्दी लावू नये. मी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या पाडून त्यावर ही सगळी हकीकत थोडक्यात लिहून ठेवली आहे, त्याच लावाव्यात. पुढे कधीतरी कुणी ते पुस्तक उसवेल. त्याला काहीतरी मिळायला नको का?

कलम सहा. बहीण. हे कलम लिहिताना माझं अक्षर बिघडलं आहे, त्याबद्दल वकीलबाईंनी माफ करावं.

ग्रंथपालांनीच टेलिफोनच्या यादीतून दुकानाचा नंबर शोधून दिला आणि त्यांच्याच टेबलावरून मी फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं.

"हॅलो, घड्याळवाले का?"

"घड्याळवाली. बोला." आवाज करकरीत, पन्नास माणसांना रांगेत उभं करेल असा.

माझ्या हातातला कागद मला दिसेना.

"चालू आहे की बंद?" तिने विचारलं.

"काय?"

"घड्याळ हो!"

"बंद आहे," मी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

"मग या घेऊन. सोमवार सोडून कधीही. आणि बाई, रडू नका. घड्याळच आहे, दुरुस्त होईल."

मी फोन ठेवला. ग्रंथपाल पुढे वाकून बसले होते, शिंक अडवून. "विचारलंत का?"

"विचारलं."

"काय म्हणाल्या?"

"सोमवारी बंद."

तर आता मला बंद घड्याळ न्यायचं आहे. घरात एकच आहे, बाइंडरांचं मनगटी, आणि ते उत्तम चालतं. रोज सकाळी मीच त्याला चावी देते. काल आणि आज दिली नाही. दुपारी बारा-वीसला ते थांबलं. तीन वर्षं चालवलेली वस्तू मुद्दाम थांबू देताना कसंतरी झालं, पण बाइंडर असते तर म्हणाले असते, मॅनेजर, कामासाठी आहे.

क्रमांक दोनशे अकरा, जिच्या उजव्या करंगळीचं टोक नाही, ती बाई सापडल्यास पुढीलप्रमाणे. सगळ्या मूळ पट्ट्या तिच्या. बाइंडरांचं घड्याळ तिचं. कामाच्या खोलीतली खिडकीखालची खाट तिची; तिने जेव्हा यावं, जितके दिवस राहावं, तितके दिवस त्या खाटेवर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही, मी असो वा नसो. चिरंजीवाने आणि सूनबाईने तिला मावशी म्हणावं आणि आल्यावर कधी जाणार असं विचारू नये. तिला हे घर माहेर म्हणता यावं. सासरी मी सत्तेचाळीस वर्षं राहिले. माहेरी जाते असं एकदाही म्हणता आलं नाही. ते वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं आहे. चांगलं वाटतं.

घड्याळवाली ती नसेल, तर हे कलम रद्द होत नाही. मी पुढचं दुकान शोधेन. माझ्यानंतर सूनबाई शोधेल. तिला मी विचारलं आहे, ती हो म्हणाली आहे.

कलम सात. जाऊबाई. दर उन्हाळ्यात त्या महिनाभर माहेरी जायच्या आणि परत आल्या की विचारायच्या, "तुम्ही कुठे गेला नाहीत का? अरे हो." ते 'अरे हो' मी चाळीस वेळा ऐकलं आहे. चिरंजीवाच्या लग्नात हॉलमध्ये पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत होतो, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिच्या माहेरची रांग कशाला? हिच्या माहेरचं कोण येणार, रद्दीवाला?" लोक हसले. मीही हसले. बाइंडरांनी मात्र ती रांग मांडलीच, सहा खुर्च्या, आणि जेवणं संपेपर्यंत कुणाला बसू दिलं नाही.

जाऊबाईंना माझी लाल कापडी पाठीची कोरी वही द्यावी. पहिल्या पानावर मी लिहून ठेवलं आहे, 'रद्दीवाला आला होता.'

पण हेही लिहिते. बाइंडर गेले तेव्हा महिनाभर दोन वेळचा डबा त्यांच्याकडून आला आणि एकदाही त्यांनी तो डबा घासून परत मागितला नाही. म्हणून वहीबरोबर माझा चांगला स्टीलचा डबा, चार पुडांचा. भरून द्यावा.

आणखी काही उरलं असेल तर चिरंजीव आणि सूनबाई यांनी आपसात वाटून घ्यावं, आवाज न चढवता. हे सगळं मी वाचून पाहिलं, पानं क्रमाने आहेत याची खात्री केली आणि दोन साक्षीदारांच्या देखत सही केली. दोघांनी माझ्यादेखत केली. एकाला यातलं काही मिळणार नाही. दुसऱ्यांना फक्त पुस्तकं मिळतील आणि तीही कुलपात ठेवता येणार नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, पुस्तकं वाचनालयाला जातात, माणसाला नाही, तेव्हा चालेल.

ठिकाण : कामाची खोली, शिकंज्याजवळ.
दिनांक : नऊ, बुधवार, दुपारचे सव्वाचार. (भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे.)

लिहून ठेवणार : (सही) बाइंडिंगवाल्या काकू, क्र. २१२
साक्षीदार पहिले : (सही) ग्रंथपाल
साक्षीदार दुसरे : (सही) दाखला देणारे डॉक्टर

पुरवणी, शुक्रवारी लिहिलेली, त्याच दोन साक्षीदारांसमोर.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, मी सहा-चाळीसच्या बसने गेले. दुकान उघडं होतं. काउंटरवर घड्याळ ठेवलं. ते उचलायला जो हात पुढे आला त्याच्या करंगळीला टोक नव्हतं. तिने घड्याळ कानाशी धरलं, चावी फिरवली आणि माझ्याकडे रागाने पाहिलं. "बाई, हे बंद नाही. याला चावी दिलेली नाही."

"ठाऊक आहे," मी म्हटलं, आणि चौथ्या खंडातली पट्टी पुढे सरकवली.

तिने डोळ्याला भिंग लावलं आणि वाचली. परत वाचली. लहानपणापासून तिला एक तान्हं मूल आठवत होतं आणि घरचे सांगत आले होते की ती तुझी बाहुली होती, हरवली. हे तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे बाहुली नव्हती." मग तिने भिंग काढलं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मला आत घेतलं. माझा हात तिने धरला तो संध्याकाळी दिवे लावायला उठेपर्यंत सोडला नाही.

कलम सहा कायम.

त्यानंतर मी तिच्या दुकानातून जाऊबाईंना फोन केला आणि सांगितलं की चार-पाच दिवस कुरिअर आलं तर घेऊन ठेवा, मी माहेरी आले आहे. सह्यांसाठी आज तासाभरापुरती आले, आणि तिला बरोबर घेऊन आले. ती खिडकीखालच्या खाटेवर बसून बाइंडरांच्या घड्याळाला चावी देते आहे. दोनच्या बसने आम्ही परत जातो.